लुगड्यातली सवत

हरिदासनं मिशी उतरवली की देवका काळजीत पडायची.

आता मिशी ही काही बायकोनं काळजी करावी अशी वस्तू नव्हे. पण अल्लीपुरात बाप जिवंत असताना मिशी उतरवणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका देवकाच्या वाट्याला आला होता. दरसाल दिवाळी सरली, थंडी पडली, की तो गुरांच्या कोठ्यासमोर बाज टाकायचा, बैलाच्या गव्हाणीला आरसा टेकवायचा आणि ओठावरचं सगळं साफ करून टाकायचा. मग समजायचं की फड निघाला. डोमाजीची ढोलकी, दोन डफवाले, एक टाळवाला आणि लुगडं नेसून नाचणारा हरिदास, अशी ती खडी गंमत. गावोगावच्या जत्रांमध्ये, बैल पळवायच्या शंकरपटांमध्ये ती उभी राहायची. हरिदासला तिथं हरिदास कोणी म्हणत नसे. त्याचं नाव गुलाब.

सासरा नत्थूजी त्या दिवशी लेकाकडे पाठ करून बसायचा. चावडीवर लोक मुद्दाम विचारायचे, नत्थूजी, तुमी तं जित्ते हा न? पोरानं मिशी काढली म्हनून इचारलं. म्हातारा हसल्यासारखं करायचा आणि घरी येऊन भाकरीवर राग काढायचा. यंदा पंचावन्न सालात मात्र त्यानं मिशी उतरण्याची वाटच पाहिली नाही. पोरासमोरच, पण सुनेकडे बघून बोलला, “अखजीपावतर पाह्यतो. वावर असंच बेवारशी राह्यलं तं बाबारावले बटईनं देऊन टाकतो. बाईच्या जिवावर शेती नाई होत.”

अखजी म्हणजे अक्षय तृतीया, वावरांचं नवं बोलणं व्हायचा दिवस. बाबाराव म्हणजे नत्थूजीचा पुतण्या. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून त्याचं वावर. बटईनं म्हणजे राबणार तो, पिकणार त्याच्या हातून, आणि देवकानं आपला अर्धा वाटा त्याच्या अंगणातून मागून आणायचा.   बेवारशी म्हणे! नदीकडच्या त्या वावरातल्या कोणत्या तासाला, कोणत्या ओळीला कपाशीची पऱ्हाटी दाट, कुठं पाणी साचतं, कुठल्या कोपऱ्यात हरळी दर साली वर येते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? पोटी लेकरू नव्हतं. होतं ते वावर होतं. मागच्या साली ऐन पावसाळ्यात हरिदास फडाचं बोलणं करायला कारंज्याकडे गेला आणि सालदार आजारी पडला, तेव्हा तिनं स्वतः बैल जुंपून तण काढायचा डवरा धरला होता. बाईनं डवऱ्याला हात लावला म्हणून गावभर बोभाटा झाला. बाबारावची बायको कमलाबाई तर धुऱ्यावर उभी राहून बघत होती, जसं काही तिथंही गंमतच चालली आहे. तास वाकडे गेले, पण तण गेलं. ते कोणी बघितलं नाही.

आणि यंदाही पौष लागला, दुसऱ्या वेच्याचा कापूस फुटून वावर पांढरं झालं, आणि गव्हाणीला आरसा लागला.

देवका हातात विळा घेऊन तशीच उभी राहिली. त्याचा एक गाल साबणाचा, एक कोरडा. तिला वाटलं होतं की यंदा मामाजी, म्हणजे सासरे, एवढं बोलले, तर हा थांबेल. तिचा तोल गेला. “मी का वावर डोक्यावर घेऊन तुमच्या मांगं हिंडू? का फड आनून वावरात बसवू? सांगा न एकदाचं,” ती म्हणाली. हरिदासनं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. चार गावचं बोलणं झालं आहे, डोमाजीनं शब्द दिला आहे, पटाचे दिवस गेले की आलोच, असं काहीतरी तो पुटपुटला. मग घरात गेला, आणि काय घेऊन बाहेर येणार ते देवकाला ठाऊकच होतं.

लुगडं. हिरवं नागपुरी, तांबड्या रेशीमकाठाचं. तिच्या लग्नातलं. तिच्या आईनं कापसाच्या पैशातून घेतलेलं, आणि तिनं अंगाला लावलं असेल तर मोजून तीन वेळा. पहिल्या वर्षी फडाकडे चांगलं लुगडं नव्हतं म्हणून त्यानं मागितलं. नवी नवरी, तिनं कौतुकानं दिलं. तेव्हापासून ते तिचं राहिलंच नाही. बहिणीच्या लग्नाला तिला ते नेसायचं होतं, तेव्हा ते आर्वीकडे कुठल्याशा जत्रेत नाचत होतं. देवका बहिणीच्या मांडवात धुवट लुगड्यात वावरली आणि लोकांनी विचारलं, बरं हाय न व घरी?

ते परत यायचं तेव्हा त्याला पावडरचा, विड्याचा आणि अत्तराचा वास असायचा. धुतलं तरी जायचा नाही. देवका ते वाळत घालताना नाक वळवायची. दुसऱ्या बाईच्या अंगचा वास असावा तसा तो वास होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या लेखी ती दुसरी बाईच होती. एखाद्या नवऱ्यानं बाहेर कोणी ठेवली तर चार लोक त्याला बोल लावतात, बायकोच्या बाजूनं दोन शब्द बोलतात. हिची सवत अशी, की सगळं गाव तिच्यावर खूश. विहिरीवर बायकाच सांगायच्या की माय, काय दिसते व गुलाब! काय तिची चाल! आणि कमलाबाई एकदा घागर उचलता उचलता म्हणाली होती, “तुह्या मान्साजवळ उभी राह्यली तं तू तिची कामवाली दिसशीन, देवका.” सगळ्या हसल्या. देवकाही हसली. घरी आल्यावर तिनं घागर इतक्या जोरात आपटली की बूड चेपलं.

तिनं गुलाबला कधी पाहिलं नव्हतं. बऱ्या घरच्या बायका गंमतीला जात नाहीत. न पाहिलेल्या बाईचा मत्सर फार वाईट, कारण तिच्यात काय खोट आहे ते कळत नाही. देवकाला ती रोज वेगळी दिसायची. कधी गोरी, कधी उंच, कधी हसरी. आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगावर ते हिरवं लुगडं असायचं.

हरिदास गेला आणि वेचणी देवकावर पडली. जिजाबाई आणि तिच्याबरोबरच्या सातआठ बाया सालोसाल तिच्याकडे यायच्या. जिजाबाई वयानं मोठी, हातानं चपळ, आणि तोंडानं जपून बोलणारी. पहाटे दव असताना वेचायला घेतलं की बोंडाची वाळली पाकळी नरम असते, कापूस स्वच्छ निघतो. ऊन तापलं की पाकळी चुरते आणि कापसात कचरा येतो. देवका म्हणूनच सगळ्यांच्या आधी तासाला लागायची. कमरेला पदराची ओटी, दोन्ही हात चालू, आणि डाव्या अंगठ्याला चिंधी. तिचा तो अंगठा एका साली बोंडाच्या टोकानं चिघळला होता, तेव्हापासून कातडी नाजूक राहिली होती. ओटी भरली की धुऱ्यावरच्या ढिगाकडे जायचं, रिकामी करायची, कमरेवर हात देऊन आभाळाकडे बघायचं, मनगटाच्या पाठीनं कपाळ पुसायचं आणि परत वाकायचं. ती असं करते हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. आपण कसे उभे राहतो ते कोणाला माहीत असतं?

चौथ्या दिवशी जिजाबाई म्हणाली की नदीपलीकडच्या पटात उद्या दुपारी डोमाजीचा फड आहे. बैलं पळाली की गंमत. बाया सगळ्या चालल्या आहेत, उद्या वेचणीला खाडा. देवकाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तिच्या वावरातल्या बाया तिचं वावर टाकून तिच्याच सवतीला बघायला जाणार! नाही कसं म्हणणार? पटाला सगळा मुलूख जातो. ती म्हणाली, मलाही बैलासाठी वेसण घ्यायची आहे, येते मी तुमच्यासोबत.

जिजाबाईनं तिच्याकडे नीट बघितलं.

पटाचं मैदान धुळीनं भरलं होतं. बैलं पळून झाली होती, जिंकलेल्या जोडीला गुलाल लावून फिरवत होते. वेसणीच्या दुकानाकडे देवकानं ढुंकून पाहिलं नाही. बैलबंड्या सोडून ठेवल्या होत्या, त्यांच्या मागं बायांनी अंग चोरून जागा धरली. देवका एका चाकाआड उभी राहिली. पदर पुढे ओढला. समोर माणसांच्या पाठीच पाठी, आणि पाठींच्या पलीकडे ढोलकी कडाडली.

मग लोक ओरडले, आणि गुलाब आली.

देवकाला पहिल्यांदा दिसलं ते लुगडं. दुपारच्या उन्हात त्याचा तांबडा काठ काय उठून दिसत होता! आपल्याकडे एवढं चांगलं लुगडं आहे हे ती विसरूनच गेली होती. नाकात नथ, केसाला गंगावन, हातभर बांगड्या. चेहरा हरिदासचा होता आणि नव्हता. बघणारी माणसं पुढं सरकली. कोणीतरी शिटी वाजवली. देवकाच्या छातीत जाळ झाला, पण ती डोळे मिटू शकली नाही.

डोमाजी ढोलकी गळ्यात अडकवूनच नवरा झाला होता. उनाड, फिरस्ता, घरी न थांबणारा कुणबी. गुलाब त्याची बायको. आणि ती बायको कापूस वेचू लागली. हवेतला कापूस. दोन्ही हातांनी. ओटी भरली तशी चालली, ओझ्यानं उजवा पाय किंचित फेकत. ढिगापाशी थांबली. कमरेवर हात दिला, आभाळाकडे पाहिलं, मनगटाच्या पाठीनं कपाळ पुसलं.

 ही चाल कोणाची हे देवकाला आधी कळलं नाही, फक्त ओळखीची वाटली. शेजारी उभ्या जिजाबाईनं मात्र श्वास आत ओढला आणि एकदम दुसरीकडे बघितलं. त्यानं देवकाला कळलं.

आणि गुलाब ढोलकीवाल्याकडे वळून म्हणाली, “मी का वावर डोक्यावर घेऊन तुमच्या मांगं हिंडू? का फड आनून वावरात बसवू?”

सगळं मैदान हसलं. म्हातारे हसले, पोरं हसली, बंड्यांच्या मागं तिच्याच वावरातल्या बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. पैसे उडाले. देवका ज्या दिवशी हे बोलली होती त्या दिवशी तिच्या घशात हुंदका अडकला होता. गुलाबच्याही घशात तो नेमक्या त्याच ठिकाणी अडकला. लोकांना त्याचंच हसू आलं. पैसे वेचायला गुलाब वाकली, तेव्हा देवकाला तिचा डावा हात दिसला. अंगठ्याला चिंधी बांधली होती.

देवका तिथून निघाली ती नदी ओलांडेपर्यंत थांबली नाही. जिजाबाई तिच्या मागं मागं आली. देवकाला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. चोरी झाल्यासारखं वाटत होतं, आणि चोरानं अशी वस्तू नेली होती जी आपल्या घरात होती हेच मालकिणीला ठाऊक नव्हतं. त्यातही एक गोष्ट सुईसारखी सलत होती. एवढं बारीक बघायचं म्हणजे माणसानं किती दिवस, किती लक्ष देऊन बघत राहावं लागतं! घरात तर हा ताटावरून मान वर करत नाही. जे काही बघितलं ते सगळं नेऊन तिला दिलं. तिच्यासाठी बघितलं. माझ्यासाठी नाही.

दुसऱ्या दिवशी वेचणी लागली, पण वावरात एक दबकं हसू फिरत होतं. देवका ओटी रिकामी करायला गेली, सवयीनं कमरेवर हात दिला, आणि बायांमधली सगळ्यांत लहान, नव्यानं कामाला येऊ लागलेली कोकिळा खुदकन हसून बोलून गेली, “काकू, तुमी गुलाबवानी काऊन करून राह्यल्या व?”

जिजाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. पण शब्द निघून गेला होता. देवकाचा हात कमरेवरून खाली आला. त्या दिवसानंतर तिचं अंगच तिला परकं झालं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायचा तरी ती पुसायची नाही. उजवा पाय जपून सरळ टाकायला जायची आणि तासातच अडखळायची. ओटी निम्मी भरायची. स्वतःच्या वावरात स्वतःच्या सवतीची नक्कल करणारी बाई! ज्यांनी पटात पाहिलं त्यांना तर तेच वाटणार, कारण त्यांनी गुलाबला डोळे भरून पाहिलं होतं आणि देवकाकडे कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यातच आभाळ आलं. पौषातलं आभाळ, वाऱ्याशिवाय, नदीच्या अंगानं काळं काळं चढत आलेलं. फुटल्या कापसावर पाणी पडलं की तो पिवळा पडतो आणि हिंगणघाटच्या बाजारात त्याच्याकडे कोणी बघत नाही. निम्मं वावर अजून पांढरं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाया आल्याच नाहीत. बाबारावनं आदल्या संध्याकाळीच बंडी पाठवून सगळ्यांना आपल्या वावराचं बोलणं करून टाकलं होतं. जिजाबाई सकाळी दारावरून जाताना खाली मान घालून सांगून गेली, की बाई, शब्द देऊन बसलो, पोट्ट्यांनी ऐकलं नाही. तिचा काय दोष? देवकाला बाबारावचा डाव स्पष्ट दिसत होता. एक वेचा भिजला की म्हातारा अखजीची वाट बघणार नव्हता.

त्याच सकाळी हरिदास आला. काखेत लुगड्याचं गाठोडं. परवा सिंदी मेघ्याला मोठं बोलावणं आहे, वर्ध्याची माणसं बघायला येणार आहेत, डोमाजी म्हणतो यंदा फडाचं नाव होईल, असं दारातूनच सांगत आला. देवका टोपली घेऊन निघतच होती. ती थांबली.

“तिच्या आंगठ्याले चिंधी काऊन होती?” तिनं विचारलं.

हरिदासला आधी समजलंच नाही. मग त्याचा चेहरा उतरला. “तू आलती पटाले?”

“मी काय इचारलं?”

“तुह्या आंगठ्याले असते म्हनून,” तो म्हणाला.

“माह्या आंगठ्याले चिंधी असते हे ठावं हाय तुमाले?”

“दिसते न व.”

“मंग इथं काऊन नाई दिसत?” देवकाचा आवाज फाटला. “इतक्या सालांत एकदा तरी इचारलं का, दुखते का म्हनून? तिच्यासाठी पाह्यलं सारं. माहं चालनं तिले, माहं बोलनं तिले, माह्या मायनं देल्लं लुगडं तिले. मी दिवसभर वाकून राह्यतो आन लोक म्हनतेत, गुलाबवानी करते.”

हरिदास गाठोडं हातात धरून उभा राहिला. त्याला बोलता यायचं ते ढोलकीवर, घरात नाही. तरी तो म्हणाला, “गुलाब कुठं हाय व? मले बाई व्हाचं म्हनलं की तूच दिसते. दुसरी बाई म्या पाह्यली कुठं?”

हे ऐकून दुसरी एखादी विरघळली असती. देवकाही आतून हलली, खोटं कशाला बोला. पण जळलेलं मन लगेच निवत नाही. ती गाठोड्याकडे बोट करून म्हणाली, “एवढं नेलं तं काम बी ने म्हना तिले. आभाय आलं, बाया बाबारावनं नेल्या. वावरात आना गुलाबले.”

आणि निघून गेली. म्हटलं तर रागाचं बोलणं होतं. तो येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

तो आला. धोतरात आला, उपरण्याची ओटी बांधून, काखेत गाठोडं तसंच. कापूस वेचणं हे बाईमाणसाचं काम. पुरुषानं गाठोडी बांधावी, बंडी भरावी, पण तासाला वाकू नये, अशी रीत. रस्त्यानं जाणारे दोघं गडी थांबून बघू लागले. हरिदासचे हात डवऱ्याचे. पाकळीसकट कापूस ओढायचा, फांदी मोडायचा, ओटीत कापूस थोडा आणि पाचोळा फार. देवका पुढच्या तासातून मागं वळून बघायची आणि दात आवळायची. शेवटी तिनं त्याच्या ओटीतला तो चुरा मुठीत घेऊन त्याच्यासमोर धरला. हा काय कापूस आहे का, असं ती तोंडानं बोलली नाही, तरी त्याला ऐकू गेलं.

तो वावराच्या कडेच्या मांडवात गेला. बाहेर आला तो हिरव्या लुगड्यात. ना नथ, ना पावडर. डोक्यावरून पदर, आणि अंगठ्याला चिंधी.

उघड्या दिवसा, ढोलकीशिवाय, आपल्याच गावच्या शिवारात! रस्त्यावरचा एक गडी हसत हसत खालीच बसला. हरिदासचे कान लाल झाले होते. पण तो तासाला वाकला, आणि काय सांगावं, अंग बदललं तसा हात बदलला. दोन्ही हात चालू लागले. खांदे पडले. कापूस अजून पाकळीसकटच येत होता, कारण हवेतल्या कापसाला पाकळी नसते. देवकानं त्याच्या हातावर चापट मारली. “चिमटीत धरा. बुडातून. पाकयीले हातच नाई लावाचा,” ती म्हणाली. त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं. तसं, एवढ्या जवळून, तिच्यासमोर, त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. देवकाला उगीचच अवघडल्यासारखं झालं आणि ती पुढच्या झाडाकडे सरकली. दोनचार बोंडांत त्याला साधलं.

दुपारी बाबारावच्या वावरात भाकरी सुटली. कोकिळा पाणी प्यायला धुऱ्याकडे आली, तिनं बघितलं, आणि किंचाळतच परत गेली. थोड्याच वेळात सगळ्या बाया धुऱ्यावर ओळीनं उभ्या. गुलाब कापूस वेचते! त्यांच्यापैकी एक लाजत तासात उतरली, मग दुसरी, मग जिजाबाईसुद्धा. बाबाराव मागून ओरडत होता, की अर्धा दिवस भरला नाही, मजुरी कापीन. जिजाबाईनं त्याला शांतपणे सांगितलं की काप, भाऊ. सगळ्यांनी गुलाबच्या दोन्ही बाजूंचे तास धरले. तिच्याशी बोलत होत्या, तिला चिडवत होत्या, हसत होत्या, आणि हात कसे भराभर चालले होते! ढीग उंच होऊ लागला. देवका कडेच्या तासात एकटीच होती. वावर वाचत होतं. तिच्या डोळ्यांसमोर, तिच्या सवतीच्या पायगुणानं वाचत होतं. बरं वाटत होतं आणि जळतही होतं, आणि दोन्हींतलं काय जास्त ते तिला सांगता आलं नसतं.

दिवस कलला तेव्हा नत्थूजी काठी टेकत आला. पुतण्याच्या वावरातून मजूर पळाले, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. म्हाताऱ्याची नजर अधू. धुऱ्यावर उभं राहून त्यानं हाक मारली, “सूनबाई!”

तासातून दोघी उठल्या. दोघींनी कमरेवर हात दिला, दोघींनी मनगटाच्या पाठीनं कपाळ पुसलं. एकीच्या अंगावर फाटकं लुगडं, एकीच्या अंगावर हिरवं.

बायांचे हात थांबले. नत्थूजीनं डोळे बारीक करून दोघींकडे पाहिलं. त्यानं स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला. मग ढिगाकडे पाहिलं, वाकून मूठभर कापूस उचलला, त्यात कचरा आहे का ते बोटांनी चाचपलं. नव्हता.

“बाबारावले निरोप देजो,” तो म्हणाला. “अखजीले येऊ नको म्हना. वावर हाय तिथंच राह्यते.”

बोलला, पण कोणाकडे बघून बोलला ते कळलं नाही. त्याची नजर दोघींच्या मधे कुठेतरी होती. हरिदासनं तोंड उघडलं. देवका त्याच्या आधी बोलली, अगदी झटक्यात.

“मी देतो निरोप, मामाजी.”

पाऊस दिवेलागणीला आला. तोवर नदीकडचा थोडा तुकडा सोडून सगळा कापूस मांडवाखाली गेला होता. तो तुकडा भिजला, त्याला इलाज नव्हता.

परवाच्या दिवशी सकाळी हरिदासनं पुन्हा ओठ घासून साफ केला आणि गाठोडं मागितलं. देवकानं त्याच्या हातात दिलं ते तिचं वेचणीचं लुगडं होतं. गुडघ्यावर ठिगळ, पदराला ओटीच्या गाठीच्या सुरकुत्या, कडेला अडकलेला पाचोळा. सिंदी मेघ्यात वर्ध्याची माणसं येणार आहेत, असं तो चाचरत म्हणाला.

“गुलाब कुनब्याची बायको हाय न?” देवका म्हणाली. “मंग कुनब्याची बायको जे घालते ते घालू द्या तिले. हिरवं माहं हाय.” मग त्याच्या डाव्या अंगठ्याकडे तिचं लक्ष गेलं. खरंच कापला होता, सुजला होता. तिनं हळद लावून चिंधी बांधून दिली, जरा घट्टच बांधली.

चार दिवसांनी भिजलेल्या तुकड्यातला पिवळा कापूस वेचायला बाया आल्या. देवका हिरवं लुगडं नेसून तासाला लागली होती. रेशीमकाठाला बोंडं अडकत होती, आणि बाया एकमेकींकडे बघत होत्या. जिजाबाईच्या भावाचं घर सिंदी मेघ्यात, तिच्याकडे बातमी होती. ती जपून म्हणाली, की बाई, गुलाब लई रंगली म्हणे. फाटक्या लुगड्यात होती, तरी लोक उठेनात. हिरव्यापेक्षा तसीच चांगली दिसते म्हणे.

देवकाला ती जुनी सवत परत सलली. हिरवं अंगावर असूनही सलली. तिनं ओटी उचलली, ढिगाकडे चालली, उजवा पाय किंचित फेकत. ओटी रिकामी केली. मग सगळ्यांच्या देखत कमरेवर हात दिला, आभाळाकडे पाहिलं, आणि मनगटाच्या पाठीनं सावकाश कपाळ पुसलं.

कोकिळा तोंडावर पदर घेऊन हसू दाबत होती. देवका तिच्याकडे वळली.

“हास, पन नीट पाह्यून घेजो पोरी,” ती म्हणाली. “गुलाब माह्यावानी करते. मी तिच्यावानी नाई करत.”

आणि वाकून पुढच्या झाडाला लागली.